हिंग, म्हातारी आणि गाजरांची पिशवी: हरणाच्या शिकारीचा माझा पहिला हंगाम

"म्हणजे आता महिनाभर घरात फोडणी द्यायचीच नाही का?" बायकोने विचारलं. मी तसं म्हटलं नव्हतं. शुक्रवारी रात्री आमटी नको, एवढंच म्हटलं होतं. शनिवारी पहाटे मला झाडावर बसायचं होतं आणि हरणाला हिंगाचा वास आवडतो असं कुठे वाचनात आलं नव्हतं.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळ ट्रॉयला राहतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरीला आहे. इथे 15 नोव्हेंबरला बंदुकीचा हंगाम उघडतो आणि त्या दिवशी निम्मं ऑफिस रिकामं असतं. गावाकडच्या भागात तर बऱ्याच शाळांनाही सुट्टी असते. आठ वर्षं हे बघितल्यावर एका सहकाऱ्याला म्हटलं, मलाही न्या. तो म्हणाला, आधी कोर्स कर. 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. अभ्यास ऑनलाइन झाला, मग एक दिवस मैदानावर. वर्गात बहुतेक दहा-बारा वर्षांची पोरं, आईबापांबरोबर आलेली. मी मागच्या बाकावर. परीक्षेत एक उत्तर चुकलं, शेजारच्या मुलीचं एकही नाही.

आईला फोनवर सांगितलं तर साताऱ्याहून थेट रामायण आलं. "सोन्याच्या हरणामागे गेला त्याचं काय झालं, माहितीये ना?" मी म्हटलं, आई, तिथे हरीणच आमिष होतं, इथे उलटं आहे. तिला ते पटलं नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा ठरली, त्यामुळे आमच्या पिढीला 'पारध' हा शब्द फक्त आजोबांच्या गप्पांतून माहीत. इथे मात्र हरणं इतकी माजली आहेत की शेतं खातात आणि गाड्यांवर येऊन आदळतात. हंगामाचा परवाना आणि संख्येवर नियंत्रण हे सरकारी धोरणच आहे. हा वाद मी स्वतःशी आधीच मिटवला होता. मिटला नव्हता तो वासाचा आणि आमिषाचा.

ऑक्टोबरमध्ये धनुष्याचा हंगाम असतो, त्यात क्रॉसबोही, म्हणजे बंदुकीसारखा घोडा असलेलं आडवं धनुष्य, चालतो. बाण मारायचा तर हरीण पंचवीस-तीस यार्डांत यायला हवं, आणि तिथवर आपला वास लागता कामा नये. म्हणून मी दुकानात गेलो आणि लुटला जाऊन आलो. बिनवासाचा साबण, बिनवासाची कपड्यांची पावडर, अंगावर मारायचा फवारा, कोळशाचं अस्तर असलेलं जाकीट, रबरी बूट आणि नराला ओढून आणायला माजावरच्या मादीच्या मुताची छोटी बाटली. साडेतीनशे डॉलर गेले. कपडे दोनदा धुऊन, बाहेर वाळवून, वाळक्या पानांबरोबर प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केले. डोक्याला तेल नाही, चहात आलं नाही. पेट्रोल भरतानाही हातमोजे.

सहकाऱ्याच्या वडिलांचं शेत आमच्यापासून दोन तास उत्तरेला आहे. मक्याचं शेत, त्याला लागून ओकचं रान, रान उतरत उतरत एका ओढ्याशी जातं. उतारावर पंधरा फूट उंचीचं लोखंडी मचाण. पहाटे अंधारात चढून बसलो. फोनवर वायव्येचा वारा दाखवत होता, आणि हरणं येतात ती ओढ्याकडून, म्हणजे पूर्वेकडून. वारा आडवा जाणार, काळजी नाही. मुताची बाटली एका बोळ्यावर ओतून फांदीला लटकवली.

साडेसातच्या सुमारास ओढ्यातून एक मादी वर आली, मागे दोन मोठी झालेली पाडसं. साठ-सत्तर यार्डांवर ती थबकली. मान वर. मग पुढचा एक पाय सावकाश उचलला आणि जमिनीवर आपटला. परत उचलला, परत आपटला. नाक एकदा चाटलं. आणि मग असा काही फुत्कार टाकला की मचाणावर माझ्या पोटात गोळा आला. तिघांच्या शेपट्या उभ्या, खालची पांढरी बाजू झेंड्यासारखी, आणि रान रिकामं. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी तर मादी दिसलीही नाही, नुसता फुत्कार ऐकू आला.

त्या दिवशी सहकाऱ्याचे वडील मला उतरवून घ्यायला आले. वय ब्याऐंशी. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणतो. त्यांनी माझं जाकीट, फवारा, लटकणारा बोळा सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "वारा कुठून?" मी फोन पुढे केला. त्यांनी फोनकडे बघितलंही नाही. खिशातून एक वाळकी शेंग काढली, अंगठ्याने उकलली, आतला एक रेशमी पुंजका सोडला.

मला हसू फुटलं. म्हातारी! रुईच्या बोंडातली, लहानपणी आम्ही फुंकर मारून उडवायचो ती. इथल्या मिल्कवीडची निघाली, पण ते रुईच्याच कुळातलं झाड. आजोबांना म्हटलं, आमच्याकडे हिला 'ओल्ड वुमन' म्हणतात. त्यांनी मान डोलावली, जणू त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

पण त्या म्हातारीने काय केलं ते सांगायला हवं. ती आधी वायव्येच्या वाऱ्याबरोबर चार-पाच फूट गेली. मग जमिनीकडे झुकली, डावीकडे वळली आणि उतारावरून पाणी घरंगळावं तशी ओढ्याच्या दिशेने निघून गेली. आजोबांनी आणखी तीन सोडल्या. तिन्ही तिकडेच. रात्रभर गारठलेली जड हवा पहाटे उतारावरून खाली वाहते. ऊन तापलं की उलटी वर चढायला लागते. फोनमधला वारा बहुधा लांबच्या विमानतळावर मोजलेला असतो. माझा वास दर शनिवारी ओढ्यात जाऊन साचत होता, आणि हरणं त्यातूनच वर येत होती.

साबण-फवाऱ्याचं काय, हे मी नंतर शोधलं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोळशाचे वासशोषक कपडे घातलेल्या लोकांना लपवून त्यांच्या मागावर शोधकुत्री सोडली होती. कुत्र्यांनी त्यांना शोधून काढलं. हरणाचं नाक कुत्र्यापेक्षा कमी नाही. माणूस श्वास सोडतो, घाम सोडतो, कातडीचे कण झडत असतात; त्याला कोणतं जाकीट पुरणार? स्वच्छता वाईट नाही, बूट रबरी असावेत, पण साडेतीनशे डॉलर मी स्वतःच्या समाधानासाठी मोजले. मुताची बाटली तर दुहेरी मूर्खपणा. हरणं माजावर येतात नोव्हेंबरच्या मध्यावर, मी ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला लटकवत होतो.

आणि त्या बाटलीत नुसता मूर्खपणा नव्हता. हे मूत पाळीव हरणांच्या कळपातून गोळा केलेलं असतं. हरणांमध्ये 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' नावाचा झिजणीचा रोग आहे. त्यात मेंदूतलं एक प्रथिन वेडंवाकडं दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं. या प्रथिनाला म्हणतात प्रायॉन. ते शिजवून मरत नाही. लाळ, लेंडी, मूत यांतून बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. व्हर्जिनिया आणि व्हर्मॉंट राज्यांनी म्हणूनच शिकारीत खऱ्या मुताला बंदी घातली. मिशिगनच्या रानटी हरणांत हा रोग पहिल्यांदा 2015 मध्ये सापडला. बाटली मी घरच्या कचऱ्यात टाकली, रानात ओतली नाही.

मचाण हलवलं. ओढ्याच्या पलीकडे, जिथून म्हातारी शेताकडे जात होती तिथे. पुढच्याच शनिवारी एक मादी बावीस यार्डांवर आली, अगदी निवांत, ओकची फळं खात. मी बाण सोडला.

तो खांद्यामागे लागायला हवा होता. ती एक पाऊल पुढे सरली आणि तो एक वीत मागे लागला, काळजात. मराठीत बाण काळजात लागला की कविता होते. इथे मटणवाल्याचं काळीज, म्हणजे यकृत. रक्त गडद, जवळजवळ काळसर लाल. आजोबा म्हणाले, आता चार तास हलायचं नाही. मागे लागलास तर ती मैलभर पळेल. ते चार तास मी स्वयंपाकघराच्या खुर्चीत काढले. मग ओणव्याने माग. एका पानावर थेंब, पंधरा पावलांवर दुसरा. दोनशे यार्ड काढायला दीड तास गेला. ती एका पडलेल्या झाडामागे होती, थंड पडलेली. किती वेळ जिवंत होती हे मी स्वतःला विचारलं आणि उत्तर शोधलं नाही.

मग नोव्हेंबर. मिशिगनचे दोन तुकडे आहेत, खालचं आणि वरचं द्वीपकल्प, मधे मॅकिनॉ पूल. सहकाऱ्याच्या मामाची झोपडी वरच्या द्वीपकल्पात आहे. 14 तारखेला पूल ओलांडून तिकडे. पुलाच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. खालच्या द्वीपकल्पात 2019 पासून हरणांना आमिष घालायला बंदी आहे. बंदी उठवणारं विधेयक विधिमंडळाने पास केलं होतं, 2020 मध्ये गव्हर्नर व्हिटमर यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. वर मात्र रोगाचा ठरावीक पट्टा सोडला तर आमिष चालतं. एका जागी दोन गॅलन, दहा फूट बाय दहा फुटांत पसरून. गंमत अशी की बंदी आमिष घालायला आहे, विकायला नाही. ट्रॉयपासून पुलापर्यंत पेट्रोलपंपांवर गाजरांच्या, बीटच्या, मक्याच्या पिशव्या रचलेल्या असतात. कोण कशाला घेतं, कोणी विचारत नाही.

मामाने बादली माझ्या हातात दिली. मी गाजरं टाकली, नीट पसरून, पेरणी करावी तशी. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात रात्री दोनचे फोटो आले. एकाच जागी सात हरणं, सात नाकं त्याच गाजरांत. एक मादी मागच्या पायांवर उभी राहून दुसरीला पुढच्या खुरांनी हाणत होती. दिवसा कोणी फिरकेना. दोन दिवस लाकडी खोक्यात बसून मी हीटरशी बोललो. वाऱ्याकडे लक्ष द्यायची गरज नव्हती, मागाकडेही नाही. तिसऱ्या संध्याकाळी एक नर आला, एका बाजूला तीन फाटे. मान खाली, पूर्ण आडवा उभा, चाळीस यार्ड. रायफल टेकवून, श्वास सोडून गोळी झाडली. तो तीस पावलं धावला आणि पडला. दहा सेकंदही नाही.

मामा म्हणाला, बघ, याला म्हणतात माणुसकी. मला त्याच्याशी भांडता येईना. आमिषावर हरीण स्थिर उभं राहतं, निशाणा नीट मिळतो, म्हाताऱ्या किंवा अधू शिकाऱ्यालाही संधी मिळते. मी वाऱ्याचं शास्त्र शिकून, सगळं 'खेळाच्या नियमाने' करून जी मादी मारली, ती तासभर तरी तडफडली असणार. गाजरांवरचा नर कळायच्या आत गेला. 'आमिष म्हणजे फसवणूक' हा युक्तिवाद माझ्या तोंडून तरी आता निघणार नाही. मचाण, क्रॉसबो, रानात मिसळून जाणारे कपडे, हे सगळं काय प्रामाणिकपणा आहे?

तरी मी पुन्हा आमिष घालणार नाही, आणि त्याचं कारण त्या नराशी नाही, कॅमेऱ्यातल्या सात नाकांशी आहे. एकाच्या लाळेत रोग असेल तर दोन गॅलन गाजरांत तो साऱ्यांच्या वाट्याला येतो. आजोबांचा यावर एक प्रश्न आहे: मग माझं मक्याचं शेत कायदेशीर कसं? चाळीस एकरांत नाकं विखुरतात, असं मी म्हटलं. "काढणीनंतर सांडलेल्या ढिगाचं काय?" ते म्हणाले. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

शेतावरच्या मादीचं डोकं मी डीएनआरच्या, म्हणजे नैसर्गिक संसाधन खात्याच्या, तपासणीपेटीत टाकलं होतं. माणसाला हा रोग झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण बाधित मांस खाऊ नये असा सल्ला आहे. म्हणून निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये. पुलावरून परतलो त्या आठवड्यात निकाल आला: रोग आढळला नाही. त्या रविवारी बायकोने तेल तापवून हिंग, लसूण, काळा मसाला असा काही घातला की माझं कोळशाचं जाकीट, गॅरेजमध्ये लटकलेलं, अजून रश्श्याचा वास सोडत नाही.

गाजरांची अर्धी पिशवी गाडीत तशीच परत आली होती. इथे ती बाहेर टाकणं बेकायदा, परसात ओतली तरी हरणांना खाऊ घालणंच होतं, आणि आमच्या गल्लीत रात्री हरणं फिरतात. मातीने माखलेली, दुभंगलेली, बोटाएवढी गाजरं. बायकोने त्यातली बरी निवडून धुतली, किसली, दोन किलोंचा हलवा केला. उरलेली मंगळवारी कचऱ्याच्या गाडीत गेली.