सात नॉटच्या स्पीडने दिवाळी

आधीच सांगून टाकतो, सात नॉट म्हणजे ताशी जेमतेम तेरा किलोमीटर, त्यामुळे गाडीने चार तासांत होणारा रस्ता आम्ही सात दिवसांत केला. व्हर्जिनियातलं नॉरफोक ते नॉर्थ कॅरोलिनातलं बोफर्ट (स्पेलिंग तेच असलेलं दुसरं गाव साउथ कॅरोलिनात आहे, त्याला ब्यूफर्ट म्हणायचं, चुकलात तर लोक लगेच सुधारतात), पाण्यातून साधारण दोनशे मैल.

झालं असं की कॉलेजच्या मित्राने 36 फुटी जुनी ट्रॉलर घेतली. ट्रॉलर म्हटल्यावर माझ्यासारख्या दापोलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर हर्णै बंदर, जाळी आणि बर्फाच्या पेट्या येतात, पण इकडे ट्रॉलर म्हणजे वन बीएचके, फक्त तरंगणारा. तो आणि वहिनी ती फ्लोरिडाला नेणार होते, पहिल्या टप्प्याला आम्ही दोघं सोबत. हा रस्ता म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवे, खाड्या, नद्या, कालवे जोडत किनाऱ्याच्या आतून जाणारा, नॉरफोकला मैल शून्य आणि मायामीपर्यंत जवळजवळ 1,090 मैल. हरिकेनचा सीझन संपता संपता सगळ्या उत्तरेच्या बोटी एकदम दक्षिणेला निघतात, त्यात आम्हीही. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती म्हणून फराळाचे डबे बोटीवरच.

लोक विचारतात सूर्यास्त कसे होते. छान होते. पण खरं सांगू का, बोटीवर सूर्यास्तावर दोन मिनिटं बोलणं होतं आणि संडासावर दोन तास. संडासाला हेड म्हणतात, खाली होल्डिंग टँक, आणि तो किती भरलाय हे दाखवणारा काटा कधीच खरं बोलत नाही. पिण्या-धुण्याचं पाणी शंभर गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटर, चार माणसांत. माझी बायको एकदा नळ सुरू ठेवून कढई घासत होती तर कॅप्टनसाहेब, म्हणजे आमचा मित्र, नुसते येऊन शेजारी उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. मग तीही बोलली नाही, संध्याकाळपर्यंत. बोट 36 फुटी असली की रुसून जाणार कुठे, पुढच्या टोकाला जाऊन बसायचं आणि चहा झाला की परत यायचं.

वाटेतले काही पूल बोट जाण्यासाठी उघडावे लागतात, त्यासाठी रेडिओवर बोलायचं काम पहिल्याच दिवशी माझ्याकडे आलं. चॅनल 13 वर पुलाचं नाव घ्यायचं, आपल्या बोटीचं नाव सांगायचं आणि उघडा अशी विनंती करायची. मी दोनदा मनात म्हणून बघितलं आणि शेवटी बटण न दाबताच सगळं बोललो.

डिस्मल स्वॉम्प (स्वॉम्प म्हणजे दलदल) कालवा मात्र डोक्यातून जात नाही. 1805 साली सुरू झालेला, 22 मैल, जवळपास सरळ रेषेत, दोन्ही टोकांना लॉक. लॉकमध्ये शिरायचं, मागचा दरवाजा बंद, पाणी भरतं आणि बोट साधारण आठ फूट वर उचलली जाते, आपण दोन्ही हातांनी दोर सैल-घट्ट करत राहायचं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, झाडांच्या सालीपानांतलं टॅनिन उतरून. वर हिरव्या बारीक पानांचा थर, तो इंजिनच्या गाळणीत अडकतो, मी तीनदा कोपरापर्यंत हात घालून काढला. हा कालवा गुलाम माणसांनी हाताने खणलाय, आणि त्याच दलदलीत आत पळून गेलेले गुलाम वर्षानुवर्षं लपून राहिले. हे वाचलं आणि गाळणीबद्दल कुरकुर करायची लाज वाटली, म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत.

पुढे अल्बेमार्ल साउंड, साउंड म्हणजे मोठ्या खाडीसारखं पाणी. उथळ आणि रुंद, वारा आला की आखूड उभ्या लाटा. एक दिवस एलिझाबेथ सिटीला वारा पडायची वाट बघत बसलो, पत्ते आणि चिवडा.

लक्ष्मीपूजन अलिगेटर नदीत, नांगर टाकून. मोबाईलला रेंज नाही, किनाऱ्यावर एकही दिवा नाही. बोटीवर गॅसचं सिलिंडर म्हणून वहिनींनी खऱ्या पणत्यांना सक्त मनाई केली, सेलवरच्या पणत्या आणि घडीचा आकाशकंदील. तो लाल-केशरी होता, तर कॅप्टन म्हणे नांगरलेल्या बोटीचा दिवा पांढराच हवा, लांबून कोणाचा घोळ होईल. शेवटी कंदील केबिनच्या आत, पांढरा दिवा वर, आणि खाली चार माणसं शंकरपाळे खात.

माझा पराक्रम राहिलाच. पुंगो नदीत सुकाणू माझ्या हातात होतं. दक्षिणेला जाताना खोल पाण्याची वाट दाखवणारी हिरवी पाटी डाव्या हाताला ठेवायची, मी करंजी खात होतो, ती उजवीकडे गेली. धक्का वगैरे काही नाही, बोट नुसती म्हशीसारखी चिखलात बसली. मी लहानपणापासून खाडी बघितलेला माणूस, म्हटलं काळजी नको, भरतीला सुटेल. कॅप्टन हसायलाच लागला. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, बाहेरच्या बेटांच्या रांगेने समुद्र अडवलाय, वारा ढकलेल तसं पाणी चढतं-उतरतं. म्हणजे तिथी बघून उपयोग नाही! टोइंगवाल्याला बोलावलं. पोरगा आला, दोर बांधला, दहा मिनिटांत ओढून काढलं, आणि चकल्यांची पिशवी घेऊन गेला. टोइंगची मेंबरशिप होती म्हणून बरं, वहिनी दिवसभर त्याचाच हिशोब सांगत होत्या.

सातव्या दिवशी बोफर्ट. नांगर टाकला आणि तासाभरात बोटीने तोंड फिरवलं, प्रवाह उलटा झाला होता. चिखल उघडा पडायला लागला आणि तो वास आला, दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना येतो तो, ओहोटीचा. मी बाहेर येऊन उभा राहिलो. कॅप्टन आतून ओरडला, "अरे, आता काढ तुझं पंचांग!"