तुम्ही विचारलंत म्हणून: इडलीत सोडा घालते का?

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत गणपतीत एका सकाळचा नाश्ता माझ्याकडे असतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "काकू, इडल्या एवढ्या मऊ कशा? सोडा घालता का?" नाही म्हटलं तर पटत नाही. उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाहीही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

सोडा नाही, इनो नाही. इडली मऊ होते ती उडदाने. तांदळाचं प्रमाण, कुकर की इडलीपात्र, हे सगळं त्याच्या नंतरचं.

मला हे कळलं ते एका फजितीनंतर. लेकीच्या बारशाला पन्नास जणांचं पीठ आदल्या रात्री करून ठेवलं होतं. पहाटे झाकण काढलं तर ते होतं तिथेच. घाबरून सोडा घातला. इडल्या फुगल्या, पण रंग पिवळसर, तोंडात साबणाची चव आणि गार झाल्यावर वातड. शेजारच्या तमिळ मामी मदतीला आल्या होत्या. त्यांनी एक इडली मधोमध मोडली, आतली जाळी पाहिली आणि एवढंच विचारलं, "उडीद कितने पुराने हैं?" डाळ वर्षभर डब्यात होती. जुन्या उडदाला तो चिकटपणा राहत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

आता मी जांभळी नाक्यावरून उडीद गोटा आणते, म्हणजे साल काढलेले अख्खे पांढरे उडीद, महिन्याला लागतील तेवढेच. ग्राइंडर असेल तर चार वाट्या इडली तांदळाला एक वाटी उडीद पुरतात. मिक्सर असेल तर तीनाला एक घ्या, कारण मिक्सरमध्ये उडीद तितके फुलत नाहीत. तांदूळ उकडा हवा. कोकणातल्या घरांना पेजेमुळे तो ओळखीचा आहेच, फक्त इथे पांढरा, आखूड, जाडा दाणा घ्यायचा. हा तांदूळ टरफलासकटच एकदा उकडून वाळवलेला असतो, त्यामुळे इडली गार झाली तरी कडक होत नाही. उडदात पाव चमचा मेथी. पोहे किंवा शिळा भात मिक्सरवाल्यांनी मूठभर घालावा, हरकत नाही.

उडीद आधी स्वच्छ धुवा आणि मग वेगळे भिजवा, चार तास. ते भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच गार पाण्याने वाटा. मिक्सर तापतो, पीठ गरम झालं की बिघडलं. पाणी एकदम ओतायचं नाही, चमच्या-चमच्याने शिंपडायचं. आधी दाणे फुटतात, मग पीठ भांड्याला चिकटतं, कडा सोडवून घ्यावी लागते. पाचेक मिनिटांनी त्याचा रंगच बदलतो, पांढरंशुभ्र होतं आणि वाटलं त्यापेक्षा दुप्पट दिसायला लागतं. बोटावर घेतलं तर लोण्यासारखं. वाटीभर पाण्यात त्याचा छोटा गोळा टाका. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून वाटा. माझ्या ग्राइंडरमध्ये याला अर्धा तास लागतो आणि मी तो देते.

हा चिकटपणाच सगळं काम करतो. पीठ आंबताना ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू वायू तयार करतात आणि उडदाचं पीठ तो धरून ठेवतं. हाताने कालवलं की हातामुळे पीठ फुगतं असं पुष्कळजण मानतात, पण हे जिवाणू मुळात उडदाबरोबरच येतात. हाताने कालवावं ते गुठळ्या राहिल्या तर हाताला कळाव्यात आणि हवा मोडू नये म्हणून. बाराव्या शतकात, 1130च्या सुमारास, 'मानसोल्लास' या ग्रंथात 'इड्डरिका', म्हणजे इडलीची पूर्वज, आली आहे, ती नुसत्या उडदाची, तांदळाशिवाय. ग्रंथ लिहवणारा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर कल्याणीचा, म्हणजे आपल्या शेजारच्या कल्याणचा नव्हे, बिदरजवळच्या बसवकल्याणचा. तांदूळ पाहुणा म्हणून नंतर आला, असं मी मनाशी धरून चालते.

तांदूळ बारीक रव्यासारखा वाटायचा, मीठ घालून दोन्ही एकत्र करायचं आणि भांडं अर्धंच भरायचं. ठाण्यात मे महिन्यात सहा-सात तासांत पीठ वर येतं, रात्री दहाला ठेवलंत तर पहाटे उठून बघा, नाहीतर ओट्यावर येईल. डिसेंबरात बारा-चौदा तास द्या आणि भांडं चादरीत गुंडाळा. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा.

फुगलेलं पीठ ढवळू नका. इथेच बऱ्याचजणींची इडली बसते. डाव कडेने हळूच आत घाला आणि वरचा फेस न मोडता साच्यात सोडा. मामी साच्यावर ओलं फडकं घालतात, मी तेलाचं बोट लावते. पाणी उकळल्यावरच पात्र आत ठेवायचं आणि मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. काढल्यावर तीन मिनिटं थांबा, मग चमचा पाण्यात बुडवून कडेने फिरवा.

पुढच्या वेळी उडीद वाटून झाले की तांदळाला हात लावण्याआधी मला हाक मारा. पाण्याची वाटी घेऊन येते, गोळा दोघी मिळून टाकून बघू.