तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली गाडी कुठली घेऊ?

गल्लीत कुणाच्या मुलीला नोकरी लागली की आठवड्याभरात प्रश्न येतोच, "अक्का, पहिली गाडी कुठली घेऊ? तुमची बरी आहे काय ओ?" बेळगावात वडगावहून उद्यमबागेत नऊ वर्षं स्कूटरनं जाते-येते, म्हणून मला विचारत असतील.

मी उलट विचारते, रात्री गाडी कुठं लावणार? आमच्याकडं गटारीवर फरशी टाकून गाडी थेट सोप्यात चढवतात. सकाळी साडेआठला, पायात पावसाळी चप्पल, फरशी शेवाळलेली, आणि शंभरेक किलोचं ते धूड मागं ओढत बाहेर काढायचं. शोरूमच्या गुळगुळीत लादीवर यातलं काही कळत नाही. म्हणून सोबत गेले की पोरीला गाडी दोनदा डबल स्टँडवर लावायला लावते. मग सीटवर बसून दोन्ही पाय टेकतात का बघायचं. नुसते चवडे नकोत. तिसऱ्या गेटच्या पुलाच्या चढावर गर्दीत गाडी थांबली आणि मागं आई बसलेली असली, तर टाच टेकलेलीच बरी. एवढ्यात सेल्समन ब्लूटूथ दाखवायला लागतो. दाखवू दे बिचाऱ्याला.

घरचे मात्र एकच विचारतात, ॲव्हरेज किती? माझं महिन्याचं फिरणं तीनशे किलोमीटर. एक गाडी लिटरला 45 देते, दुसरी 50. फरक महिन्याला पाऊण लिटरसुद्धा नाही. त्यापायी न झेपणारी गाडी घ्यायची का? एकटीनं जायचं असेल तर 110 सीसी पुष्कळ झाली. रोज डबलसीट किंवा खानापूर रोडनं लांब जायचं असेल तर 125 बघा. पुढचं चाक 12 इंची असावं, खड्ड्यात कमी आदळतं. पायदान सपाट हवं, येळ्ळूरहून तांदळाचं पोतं आणायचं असतं.

ब्रेकचं मी पडून शिकले. पहिल्याच पावसाळ्यात ओल्या वळणावर घाबरून नुसता उजवा, म्हणजे पुढचा ब्रेक दाबला आणि कोपर सोलून घेतलं. आता नव्या गाड्यांत डावा दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. त्याची सवय रिकाम्या मैदानात करावी.

सीमेपलीकडं महाराष्ट्रात, चंदगडला, मामा सगळ्यांनाच असतात. "इकडं घे, माझ्या नावावर." एमएच 09 ची, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरची गाडी बेळगावात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की कायद्यानं इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, आणि भरलेला परत मिळवायला कोल्हापूरच्या खेपा. इथंच राहणार असाल तर सरळ केए 22, बेळगावचाच नंबर घ्या. मामांना पेढे द्या.

विजेवरची? एवढ्याशा अंतराला छानच. पण माडीवर भाड्यानं राहत असाल तर बॅटरी काढून वर नेता येते का ते आधी विचारा. खिडकीतून खाली सोडलेली वायर पावसात नको.

रंगाचं मला विचारू नका. माझी राखाडी आहे, चिखल दिसत नाही म्हणून.