गोळ्या सुरू झाल्या आणि गाठ वाढली

टीबीच्या औषधाने ताप उतरला होता, तोंडाला चव आली होती. मग एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मानेतली गाठ पुन्हा टरारून फुगली, संध्याकाळचा ताप परत आला. औषध मानवत नाही, बंद करावं, असंच मनात येत होतं.

मुळात निदानच उशिरा झालं. थुंकीत जंतू सापडले नाहीत, एक्स-रेही जवळपास स्वच्छ. शेवटी गाठीत सुई घालून पाणी काढलं, त्यात टीबी निघाला. माझ्या सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुख्य पेशी, ५० च्याही खाली होत्या. डॉक्टरांनी समजावलं, की फुप्फुसात पोकळ्या पडतात त्या बहुतांशी शरीर जंतूशी झुंजतं म्हणून; माझ्यात झुंजायला पेशीच उरल्या नव्हत्या. एरवी सीडी-४ पेशींच्या मदतीने शरीर टीबीच्या जंतूभोवती भिंत बांधून त्याला वर्षानुवर्षं कोंडून ठेवतं. एचआयव्ही नेमक्या त्याच पेशी मारतो. आणि टीबीही स्वस्थ बसत नाही: त्याच्याशी लढायला ज्या पेशी जाग्या होतात, त्यांच्यातच एचआयव्ही जोमाने वाढतो. दोन्ही आजार एकमेकांना असे पोसतात, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

म्हणून तर टीबीचे उपचार सुरू झाल्यावर साधारण २ आठवड्यांच्या आत एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, सुरू करतात (मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर थांबतात). टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे ५० मिलिग्रॅमची गोळी मला दिवसातून दोनदा होती. लघवी नारिंगी व्हायची, तीही रिफाम्पिसिनमुळेच.

फुगलेल्या गाठीला डॉक्टरांनी नाव दिलं, आयरिस. त्याआधी त्यांनी औषधाला न जुमानणारा टीबी नाही ना, दुसरा संसर्ग नाही ना, गोळ्या चुकल्या नाहीत ना, हे सगळं तपासलं. एआरटीमुळे प्रतिकारशक्ती परतली होती आणि इतके दिवस दुर्लक्षित राहिलेल्या, मेलेल्या जंतूंवरही तुटून पडत होती. गाठ, ताप, ठणका, सगळं त्या हल्ल्याचं. दोन्ही औषधं चालूच ठेवली. सूज आवरायला काही आठवडे प्रेडनिसोलोन दिलं आणि त्याचा डोस हळूहळू उतरवला.

गाठ बसायला वेळ लागला. एकदा फुटून वाहिलीही, तेव्हा फार घाबरायला झालं. टीबीचा कोर्स ६ महिन्यांनी संपला, एआरटी मात्र रोज चालू आहे. पुढच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला एचआयव्ही, मोजण्याइतकाही सापडला नाही. सीडी-४ अजून सावकाश चढताहेत.