आमची वाटचाल : भिंतीवरच्या घड्याळापासून फ्लेअरच्या टायमरपर्यंत

कॉव्हेंट्री हे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधलं घड्याळांचं मोठं गाव होतं. चॅपलफील्ड्स आणि अर्ल्सडन या भागांत कारागिरांच्या घरांतूनच घड्याळाचे सुटे भाग बनत. आमचं दुरुस्तीचं वर्कशॉप याच शहरात आहे. सुरुवात भिंतीवरच्या घड्याळांची झाली, पुढे विमानांतली घड्याळं आली आणि त्यांच्या पाठोपाठ संग्रहालयं आणि संग्राहक यांच्याकडून फ्लेअरचे टायमर येऊ लागले. आज बहुतेक काम या टायमरचंच आहे.

फ्लेअर म्हणजे रात्री खालची जमीन उजळण्यासाठी पॅराशूटला लटकून जळणारी मॅग्नेशियमची कांडी. ती विमानातून सुटल्यावर आधी काही अंतर नुसती पडली पाहिजे आणि ठरलेल्या उंचीवरच पेटली पाहिजे; ती वेळ टायमर साधतो. उंची दुप्पट झाली की जमिनीवर प्रकाश चौथा हिस्साच पोचतो, आणि फार खाली पेटली तर जळतीच जमिनीवर येते. हवेचा अडथळा सोडला तर वस्तू 10 सेकंदांत 490 मीटर पडते, आणि अकराव्या एका सेकंदात आणखी 100 मीटरच्या वर. म्हणून टायमरच्या कड्यावरचा आकडा सेकंदांचा असला, तरी तो लावणाऱ्याच्या डोक्यात उंचीचाच हिशेब असे.

पहिल्या महायुद्धात, 1917-18 च्या सुमाराला, ब्रिटिशांची रात्रीची बॉम्बर विमानं मिशेलिन फ्लेअर वापरत. त्या काळातला वेळ मोजायचा साधा मार्ग म्हणजे बंदुकीच्या दारूची वात. वातीची अडचण हवेतच आहे: विरळ हवेत ती सावकाश जळते आणि ओल लागली तर वाटेतच विझते. घड्याळाच्या चाकांना हवेच्या दाबाचं सोयरसुतक नसतं. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन एएन-एम26 फ्लेअर साधारण 24 किलोचा, सुमारे 8 लाख कँडलपॉवरचा (म्हणजे तितक्या मेणबत्त्यांच्या उजेडाचा), तीन-साडेतीन मिनिटं जळणारा. त्याच्या एम111 जातीच्या यांत्रिक फ्यूजवर, म्हणजे वेळ झाली की पेटवणाऱ्या टायमरवर, 5 ते 92 सेकंद लावता येत. ब्रिटिशांनी निशाणीच्या रंगीत बॉम्बसाठी, म्हणजे टार्गेट इंडिकेटरसाठी, वेगळी वाट धरली. त्यांचा फ्यूज सेकंद न मोजता हवेच्या दाबावर चालायचा. जानेवारी 1943 मध्ये बर्लिनवर हे बॉम्ब पहिल्यांदा पडले. आमच्या मते ही फार हुशारीची सोय होती, कारण उंचीसाठी सेकंदांचा आडमार्गच नको.

कामाची पहिली अट कागदाची. स्फोटक अजिबात शिल्लक नसल्याचा दाखला नसेल तर वस्तू टेबलावर येत नाही, मग ती कितीही दुर्मीळ असो. ऑक्टोबर 1966 मध्ये ओरिस्कनी या अमेरिकन विमानवाहू जहाजावर एकच फ्लेअर चुकून पेटला. तो फ्लेअरच्या कोठारात फेकला गेला आणि त्या आगीत 44 माणसं गेली. एवढं आठवलं की दाखल्याशिवाय हात लावायची इच्छाच राहत नाही.

दाखला पाहिला की आधी फोटो. सेकंदांचं कडं ज्या आकड्यावर अडकलं असेल, तो आकडा म्हणजे शेवटच्या हाताने लावलेला हिशेब. एकदा कडं फिरवलं की तो कायमचा गेला. फोटो आणि नोंद झाल्याशिवाय त्याला कुणी बोटही लावत नाही. कडं जाम असतंच: ॲल्युमिनियम आणि पितळ एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि मधे पांढरी पूड साठलेली असते. पक्कड लावली तर आकडे खरवडले जातात. आम्ही पातळ तेल सोडतो, रात्रभर ठेवतो, 50 अंशांच्या आसपास ऊब देतो आणि हाताने हलवून बघतो. नाही हललं तर पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र.

मग कमान, म्हणजे यंत्राला जोर देणारी स्प्रिंग. ती अजून ताणलेली असू शकते, म्हणून चाकं धरून ठेवणारी प्लेट उघडण्याआधी तिचा जोर हळूहळू उतरवायचा. तसाच स्क्रू काढला तर सगळी चाकं एकदम सुटतात आणि दाते मोडतात. वाळून लाखेसारखं झालेलं जुनं तेल हे बंद पडण्याचं सर्वांत सामान्य कारण. चाकं धुऊन, फक्त चुळांवर, म्हणजे आसांच्या टोकांवर, सुईच्या टोकाएवढं कृत्रिम तेल दिलं की बहुतेक यंत्रं चालू लागतात. काहींत बॅलन्सला, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला, हेअरस्प्रिंग ही केसासारखी बारीक स्प्रिंग असते, त्यांची चाल स्थिर राहते. जिथे ती नाही, तिथे कमानीचा जोर कमी झाला की चालही मंदावते. म्हणून 10, 30 आणि 60 सेकंदांवर, प्रत्येकी तीन वेळा, स्टॉपवॉचवर ताडून बघतो.

एका दोषापुढे इलाज नाही. युद्धकाळातल्या ओतीव जस्ताच्या भागात शिशाची भेसळ असेल तर धातू आतून फुगतो आणि त्याला तडे जातात. यंत्राचं घर फुगून चाकाचा आस वाकतो आणि हात लावताच तुकडे पडतात. अशा टायमरला आम्ही चालवायचा प्रयत्न करत नाही. भाग मोजून पितळात नवा घडवतो, त्यावर बारीक खूण कोरतो, आणि जुने तुकडे वेगळ्या डबीत, कोरडे, ग्राहकाकडे परत देतो.