टेबलाच्या या बाजूला

सप्टेंबर लागला की ऑफिसात विचारणा होते, यंदा करिअर फेअरला, म्हणजे विद्यापीठातल्या नोकरभरतीच्या मेळाव्याला, कोण कोण जाणार? मी दरवर्षी नाव देते. अमेरिकेत ओहायोतल्या ज्या विद्यापीठातून मी एमएस केलं, तिथेच कंपनीचं टेबल लावायचं असतं. बास्केटबॉलच्या कोर्टवर जाड आवरण अंथरलेलं, त्यावर टेबलांच्या रांगा, आणि दारापासून पार्किंगपर्यंत सुटाबुटातली पोरं. हातात फोल्डर, फोल्डरमध्ये रेझ्युमेच्या वीसेक प्रती. त्या रांगेत मीही दोन वर्षं उभी राहिले आहे, त्यामुळे पलीकडून येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावरची धाकधूक मला ओळखता येते.

घरून फोनवर नेहमी विचारतात, "तिकडे पण कॅम्पस प्लेसमेंट असतं ना?" असतं, पण आपल्यासारखं नाही. विद्यापीठ नोकरी मिळवून द्यायची जबाबदारी घेत नाही. एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपनीला बसायचं नाही, असला नियमही मी इथे पाहिला नाही. करिअर सेंटर नावाचं एक ऑफिस असतं. ते कंपन्यांना आवारात येऊ देतं, हँडशेकसारख्या नोकऱ्यांच्या पोर्टलवर जाहिराती टाकू देतं, आणि मुलगा व कंपनी यांच्यात पंच म्हणून उभं राहतं. या पंचाचं नियमपुस्तक बहुतेक ठिकाणी 'नेस'च्या तत्त्वांवर बेतलेलं असतं. नेस म्हणजे नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्स, 1956 पासूनची संघटना. महाविद्यालयं आणि कंपन्या दोघंही तिचे सभासद आहेत. तिची तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. पण करिअर सेंटर एखाद्या कंपनीला पुढच्या वर्षी दार बंद करू शकतं, आणि हे कंपन्यांना चांगलं ठाऊक असतं.

पहिल्यांदा टेबलामागे उभी राहणार होते, तेव्हा आमच्या एचआरने दोन तास बसवून शिकवलं. लग्न झालंय का, मुलं आहेत का, धर्म कोणता, हे विचारायचं नाही. हे मला अपेक्षित होतं. अडखळले ते "तू मूळची कुठली?" यावर. आपल्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न 'गाव कोणतं?' हाच. माया त्यातूनच सुरू होते. इथे टेबलामागून तोच प्रश्न विचारला आणि पुढे त्या मुलाला नाकारलं, तर तो भेदभावाचा पुरावा ठरू शकतो. 1964 च्या नागरी हक्क कायद्यात वंश, रंग, धर्म, लिंग यांच्या बरोबरीने मूळ देशही आहे. रेझ्युमेच्या कोपऱ्यात 'निळा सदरा, उंच' असं काही आठवणीसाठी खरडायलाही मनाई. ते कागद किमान वर्षभर जपून ठेवावे लागतात आणि त्यावरची प्रत्येक रेघ कधीही मागवली जाऊ शकते. मुलाचे मार्क विद्यापीठाकडून परस्पर मिळत नाहीत. विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या 1974 च्या फेर्पा कायद्यामुळे त्यासाठी मुलाची लेखी संमती लागते.

हे सगळं पाठ असूनही गेल्या वर्षी माझी कसोटी लागलीच. दुपारी तीनच्या सुमारास एक मुलगा पुढे आला. माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "ताई, तुम्ही मराठी?" किती बरं वाटलं म्हणून सांगू! दिवसभर तोंडात इंग्रजीच होतं. त्याच्या मागे बारा-पंधरा जण उभे होते. त्यांच्यापैकी कोणालाही माझ्याशी आपल्या भाषेत बोलता येणार नव्हतं. मी म्हटलं, "हो रे, पण आता इंग्रजीतच बोलू या, मागचे ताटकळलेत." आणि इतरांना विचारलेले तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने, त्यालाही विचारले. तो जरा हिरमुसला. मलाही ते लागलं. आपल्याकडे ओळखीचं माणूस म्हणजे आधार. तो आधार मी काढून घेतल्यासारखं झालं. पण रांगेतल्या बाकीच्यांकडे पाहिल्यावर दुसरं काही करणं मला बरोबर वाटेना. त्याचा रेझ्युमे चांगला होता, पुढच्या फेरीला त्याची निवड झाली. त्या मुलाखतीला मी बसले नाही, दोन सहकारी बसले.

जाण्याआधी त्याने हळूच विचारलं, "स्पॉन्सरशिप देता का?" म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी कंपनी अर्ज करते का. परदेशी विद्यार्थ्याच्या मनात हा प्रश्न स्वतःच्या नावाच्याही आधी असतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याच्या तात्पुरत्या परवान्यावर, बारा महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी चोवीस. ओपीटी सुरू झाल्यावर पहिल्या टप्प्यात एकूण नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहायचं नाही. पुढे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा, म्हणजे लॉटरी आणि कंपनीचा अर्ज. "आम्ही स्पॉन्सर करत नाही" असं म्हणण्याची कंपनीला कायद्याने मुभा आहे. नागरिकत्वाच्या दर्जावरून होणाऱ्या भेदभावापासून नागरिक, ग्रीन कार्डवाले, निर्वासित यांना जे संरक्षण आहे, ते एफ-1 वाल्यांना नाही. ही मुभा आहे ते ठीक. माझा राग आहे तो न सांगण्यावर. जाहिरातीत एक ओळ लिहायला काय जातं? मुलगा तीन फेऱ्या देतो, प्रवास करतो, दुसऱ्या मुलाखती पुढे ढकलतो, आणि शेवटी कोणीतरी सहज म्हणतं, "अरे, व्हिसा लागेल होय?" आमच्या टेबलावर आता पाटी असते, कोणत्या पदांना स्पॉन्सरशिप आहे आणि कोणत्या नाही याची. ती लावायला मला दोन वर्षं एचआरच्या मागे लागावं लागलं.

पण मला सर्वांत जास्त ज्याबद्दल सांगायचंय ती गोष्ट म्हणजे मुदत.

मी शेवटच्या सत्रात असताना एका कंपनीचा गुरुवारी संध्याकाळी फोन आला. ऑफर! शनिवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचं. पुढच्या मंगळवारी माझी दुसरीकडे शेवटची फेरी होती, मनापासून हवी असलेली. मी चार दिवस मागितले. फोनवरची बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, "समजू शकते मी, पण या जागेसाठी आणखी दोघं थांबलेत." बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलेलं होतं. दोन रात्री झोप नाही. शनिवारी अकरा वाजता होकार दिला, मंगळवारची फेरी रद्द केली, आणि मी शिकलेल्या विषयाशी दूरचाही संबंध नसलेल्या कामात चौदा महिने काढले. अशा दोन-तीन दिवसांच्या मुदतीच्या ऑफरला इथे एक्स्प्लोडिंग ऑफर म्हणतात. कॅम्पसवरच्या मुलांशी असं वागू नये, विचार करायला पुरेसा वेळ द्यावा, दबाव आणू नये, हे नेसच्या तत्त्वांना धरूनच आहे. आमच्या करिअर सेंटरच्या नियमात तर किमान दोन आठवडे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या इमारतीसमोरून मी रोज जात होते. आत जाऊन विचारावं हे मला सुचलं नाही, कारण कंपनीला नियम लावणारं कोणी असेल ही कल्पनाच नव्हती.

मुलांवरही बंधन आहे, ते खरं आहे. एकदा होकार देऊन नंतर फिरायचं नाही. फिरलं तर काही विद्यापीठं पोर्टलवरचं खातं बंद करतात. मला ते मान्य आहे. पण अट्ठेचाळीस तासांत, कर्जाच्या आणि व्हिसाच्या कात्रीत काढून घेतलेला होकार आणि विचार करून दिलेला होकार यांना मी एका मापाने मोजणार नाही. शिवाय कंपनीने शब्द फिरवला तर? मोंटाना सोडून बाकी सगळ्या राज्यांत नोकरी सहसा 'ॲट विल' असते, म्हणजे दोघांपैकी कोणीही ती कधीही संपवू शकतं. हातात लेखी ऑफर असली तरी ती मागे घेतली जाऊ शकते. मंदीच्या वर्षांत तसं झालेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी नेस कंपन्यांना सांगते की रुजू व्हायची तारीख पुढे न्या, तास किंवा पगार कमी करा, कामाची जागा बदला, पण ऑफर रद्द करणं हा अगदी शेवटचा उपाय ठेवा. इथे अपार्टमेंटचा करार करून बसलेल्या पोराला या सल्ल्याची किंमत विचारा.

तर तो मुलगा. ऑक्टोबरात एका रात्री साडेदहाला त्याचा लिंक्डइनवर निरोप आला. दुसऱ्या कंपनीने ऑफर दिली होती, तीन दिवसांची मुदत, आणि आमचा निकाल लागायचा होता. मी फोन केला. या वेळी मराठीतच बोललो. तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडे होईल का तेवढं सांगा, मग मी त्यांना नाही म्हणतो."

हा मोह मोठा असतो. 'थांब, होईल' एवढंच म्हटलं असतं तर आमचा उमेदवार हातचा गेला नसता. पण निकाल मला माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी अशा रीतीने सांगायचा नव्हता. मी म्हटलं, "आमच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. आमच्या भरवशावर कोणालाही नकार देऊ नकोस. उद्या सकाळी करिअर सेंटरमध्ये जा, ऑफरचं पत्र घेऊन जा, आणि मुदतीचा नियम काय आहे ते विचार." त्याला वाटत होतं की मुदत मागितली तर ऑफरच जाईल. मलाही त्या शनिवारी हेच वाटलं होतं.

सेंटरमधल्या बाईंनी त्याच्या देखत कंपनीला फोन लावला. तीन दिवसांचे दोन आठवडे झाले. कोणी रागावलं नाही, ऑफर गेली नाही.

आमचा निकाल दहाव्या दिवशी लागला. जागा एकच होती, ती दुसऱ्या मुलीला गेली. ज्यांना घेतलं नाही त्यांना त्याच दिवशी कळवायचं असा आमच्याकडे दंडक आहे, आणि त्याला फोन मीच करते म्हणून सांगितलं. नाही म्हणताना माझाच आवाज घोगरा झाला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "वेळेत कळवलंत ताई. अजून चार दिवस आहेत माझ्याकडे. त्यांच्या टीममधल्या एकाशी उद्या बोलायचंय, काम नक्की काय आहे ते विचारतो आणि मग होकार देतो."