ऑर्केस्ट्रेशनच्या आधी इन्व्हेंटरी नीट करा

टेलिकॉममधे मॉडर्नायझेशन म्हटलं की सगळे जुना ओएसएस (नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर) फोडून मायक्रोसर्व्हिसेस (छोटे स्वतंत्र प्रोग्राम) करायला धावतात, पण मला विचाराल तर खरी अडचण इन्व्हेंटरीत, म्हणजे नेटवर्कमधे कुठे काय आहे याच्या नोंदीत असते. रेकॉर्डमधे पोर्ट मोकळा दिसतो, प्रत्यक्षात त्यावर कुणाचं तरी सर्किट चालू असतं, मग ऑर्केस्ट्रेटर (ऑर्डरच्या सगळ्या स्टेप आपोआप करणारं सॉफ्टवेअर) कितीही भारी असूदे, ऑर्डर अडकणारच! सॉफ्टवेअर असं फोडणं वाईट नाही, ५जी कोअरमधे (५जी नेटवर्कच्या मध्यवर्ती भागात) ३जीपीपी या मोबाइलची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या संस्थेने रिलीज १५ पासूनच एएमएफ (फोनची नोंदणी नि हालचाल बघणारं), एसएमएफ (डेटा सेशन सांभाळणारं) अशी वेगळी फंक्शन्स केली, ती एचटीटीपी/२ या वेबच्याच प्रोटोकॉलवरून एकमेकांशी बोलतात, छान डिझाइन आहे. आणि हो, रोलबॅक पहिल्यापासून हवाच, पाच स्टेप झाल्या नि सहावी फेल गेली आणि आधीचं कॉन्फिग आपोआप मागे घेणारं लॉजिक नसेल तर रात्री इंजिनियरलाच राउटरवर लॉगिन करून एकेक ओळ काढत बसावं लागतं.